गाभण गाय हिवाळ्यात हाडावर येते: पोट बघू नका, पाठ बघा

दिवाळी उरकते, साखर कारखान्याचा बॉयलर पेटतो, आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत आमच्या दारात ठरलेला प्रश्न येतो. "वहिनी, गाय सात महिन्यांची गाभण आहे, खातेय चांगली, पण अंग काही धरत नाही."

आमचा गोठा कृष्णाकाठचा, वाळवा तालुक्यातला. लहान-मोठी धरून अकरा जनावरं. पहिली तीन-चार वर्षं मीही हाच प्रश्न दुसऱ्यांना विचारत होते. नंतर स्वतःच्या गोठ्यात आणि शेजारपाजारी तोच बिघाड इतक्यांदा निस्तरला की आता कारणं कोणत्या क्रमाने शोधायची ते ठरून गेलंय. बहुतेक वेळा कारण पहिल्या चार पायऱ्यांतच सापडतं आणि त्यांना पैसाही लागत नाही.

आधी लक्षणं

पोट गोल दिसतं, पण पाठीच्या मणक्यांची रांग मोजता येते. माकडहाडं (पुठ्ठ्यावरची दोन हाडं) वर येतात आणि शेपटीच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंना खळगे पडतात. अंगावरचे केस उभे, निस्तेज आणि लांब होतात, आणि गाय स्वतःचं अंग चाटत नाही. शेण घट्ट, थरावर थर रचल्यासारखं पडतं, त्यात वैरणीचे लांब तुकडे तसेच दिसतात. काही गाई भिंत चाटतात, माती खातात, प्लॅस्टिक किंवा हाडूक चघळत बसतात. उठताना दोन-तीनदा झोका घेतात.

मागच्या वेताची आठवणही लक्षणातच धरा. जार बारा तासांत पडली नव्हती का? चीक कमी किंवा पातळ होता का? वासरू उभं राहायला वेळ लागला का? व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी गाय बसली ती उठलीच नाही, असं झालं होतं का? यातलं एखादं घडलं असेल तर या हिवाळ्यात ते पुन्हा घडायची तयारी बहुधा आत्ताच चालू आहे.

जबड्याखाली पाण्यासारखी सूज, ताप, लाल किंवा कॉफीसारखी लघवी, यांपैकी काही दिसलं तर पुढचं वाचत बसू नका. सरळ डॉक्टरांना बोलवा.

पहिली पायरी: तारीख

भरवल्याची तारीख शोधा. गाईचे दिवस साधारण २८०, म्हशीचे ३१०. "सातवा असेल" असं म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचा हिशोब एका महिन्याने चुकलेला असतो, आणि इथे महिना फार मोठा आहे. वासराच्या जन्मावेळच्या वजनातलं जवळपास दोन तृतीयांश वजन शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत वाढतं. त्याच काळात गर्भाशय कोठीपोटाला (वैरण साठते आणि आंबते त्या मोठ्या पोटाला) दाबायला लागतं. म्हणजे गरज वाढत असताना खायची जागा कमी होत जाते. तेवढ्याच वैरणीवर गाय उन्हाळ्यात ठीक होती आणि आता का नाही, याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं.

तारीख सापडली नाही तर डॉक्टरांकडून गाभण तपासणी करून घ्या. पुढची सगळी गणितं या एका तारखेवर उभी आहेत.

दुसरी पायरी: हात फिरवा

पोटाकडे बघून गाय भरलेली आहे असं ठरवणं हेच या दुखण्याचं मूळ आहे. पोटात वासरू, पाणी आणि वैरण असते. चरबी आणि मांस पाठीवर कळतं.

उजेडात, गाय मोकळी उभी असताना तीन ठिकाणी हात ठेवा. भकाळीच्या (कुशीतल्या खळग्याच्या) वरच्या बाजूला कमरेच्या आडव्या हाडांची टोकं, मग माकडहाडं, मग शेपटीचा बुंधा. कमरेच्या हाडांची टोकं बोटाला टोचली, एकेक वेगळी मोजता आली, तर गाय खाली गेली आहे. थोडं दाबल्यावर हाड लागलं तर ती ठीक. जोर लावूनही लागत नसेल आणि बुंध्याजवळ चरबीच्या गाठी हाताला येत असतील तर गाय जास्त भरली आहे, आणि ते काही कौतुकाचं नाही. अति लठ्ठ गाय विताना अडते, व्यायल्यावर खाणं सोडते आणि चरबी यकृतावर चढते.

डॉक्टर याला १ ते ५ गुण देतात. विताना ३ ते साडेतीन असावा. संकरित गाईत एक गुण म्हणजे साधारण ४० ते ५० किलो वजन. आता हिशोब करा. पोटातलं वासरू वाढत असताना गाईने स्वतःच्या अंगावर रोज अर्धा किलो धरलं, तरी एक गुण भरायला ८० ते १०० दिवस लागतात. नवव्या महिन्यात हाडं बघून पेंडीचं पोतं आणणारा माणूस तीन महिने उशिरा जागा झालेला असतो. म्हणून हा हात पाचव्या-सहाव्या महिन्यातच फिरवायचा, गाय अजून दुधात असताना. महिन्यातून एकदा, एकाच माणसाने, आणि भिंतीवर खडूने लिहून ठेवायचं. रोज बघणाऱ्याला उतरती गाय दिसत नाही. पाहुणा आला की तोच म्हणतो, "हिला काय झालं?"

वजन काढायचं असेल तर साधी टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर इंचात घ्या आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या मागच्या हाडापर्यंतची लांबी इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर ६८ आणि लांबी ५८ असेल तर सुमारे ४०६ किलो. काट्याएवढं अचूक नाही, पण वजन चढतंय की उतरतंय ते कळतं.

तिसरी पायरी: संध्याकाळी तासभर गव्हाणीपाशी बसा

हे कुणी करत नाही, कारण हे काम वाटत नाही. वैरण टाकली की आपण दूध घालायला जातो. एकदा बसून बघा. दावणीला शेजारी बांधलेली तापट म्हैस मान लांबवून अर्धी वैरण ओढते आणि गाभण कालवड मागे सरकून उभी राहते. पहिलटकरीण असेल तर ती स्वतःही अजून वाढत असते, तिला दोन पोटं भरायची असतात. आमच्याकडे एका हिवाळ्यात सगळा बिघाड फक्त जागा बदलल्याने गेला होता.

आणखी बघायचं ते हे: गाय बसल्यावर रवंथ करते का? गव्हाणीत काय उरतं? जाड बुडखे उरत असतील तर तुम्ही टाकलेली वैरण आणि तिने खाल्लेली वैरण यात मोठा फरक आहे. गाय तोंडातून अर्धवट चावलेले गोळे टाकत असेल तर दाढा तपासाव्या लागतील, पण ते नंतर.

चौथी पायरी: पाणी आणि ओल

कोरड्या काळातल्या (वितण्याआधी दूध बंद केलेल्या) गाईला दिवसाला ४०-५० लिटर पाणी लागतं. पहाटे टाकीतलं गार पाणी ती दोन घोट पिऊन सोडते. पाणी कमी म्हणजे वैरण कमी, आणि शेण घट्ट. बोअरचं ताजं पाणी पहाटे हाताला कोमट लागतं, तेच पाजा. नाहीतर ऊन वर आल्यावर टाकी भरा. शेवाळलेली टाकी मात्र घासायलाच हवी.

थंडीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. आमच्याकडे पहाटे पारा दहा-बारावर येतो, आणि लोक गाईला गोणपाट बांधतात. कॅनडा-अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या गाभण गाई हिवाळाभर बर्फाच्या रानात असतात. तिथले जाणकार सांगतात की अंगावरची हिवाळी लव कोरडी असेल तर शून्य अंशाच्या आसपासपर्यंत गाईला अंग तापवायला जास्तीचं खाणं लागत नाही. तीच लव भिजली तर १५ अंशांनाच थंडी बाधते. आपल्या गाईंना तेवढी दाट लव येत नाही हे खरं, पण नियम तोच. आपली गाय थंडीने कमी आणि ओलीने जास्त खंगते. मुताने भिजलेली फरशी, सकाळी धुवून तशीच सोडलेली जमीन, ओल्या कुशीवर रात्रभर बसणं. गोठा दुपारी धुवा, संध्याकाळपर्यंत वाळू द्या, खाली उसाचं पाचट टाका. उत्तरेकडून वारा येतो तिथे ताडपत्री लावा, पण वरची फट मोकळी ठेवा, नाहीतर अमोनियाने डोळे चुरचुरतात आणि खोकला सुरू होतो.

सुक्या वैरणीचा मोठा हिस्सा संध्याकाळी टाका. कोठीपोटात वैरण आंबताना ऊब तयार होते आणि ती रात्री कामाला येते. याचा दुसराही एक फायदा सांगतात: रात्री खाणाऱ्या गाई जास्त करून दिवसा वितात. आमच्याकडे दर वेळी तसं घडत नाही, पण मध्यरात्रीचे हेलपाटे कमी झालेत एवढं खरं.

पाचवी पायरी: अजून दूध काढताय का?

इथे लोक नजर चुकवतात. आठवा लागला तरी सकाळी दोन, संध्याकाळी दीड लिटर चालूच असतं. "देतेय तोवर काढू." ती देते, कारण तिच्या अंगातून देते. वितण्याआधी ६० दिवस गाय आटलेली हवी. या दोन महिन्यांत कास नव्याने बांधली जाते. तो काळ बुडवला तर पुढच्या वेताचं दूध घटतं, आणि चिकाची प्रतही जाते.

आटवताना आठवडाभर आधी पेंड कमी करा, मग एक दिवस ठरवून दूध काढणं बंद करा. दिवसाआड थोडं थोडं काढत बसलात तर कासदाह ओढवून घ्याल. शेवटच्या धारेनंतर चारही सडांत सोडायच्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. कास पहिले तीन-चार दिवस ताठेल, मग आपोआप उतरेल. गरम, लाल आणि दुखरी झाली तर मात्र दाखवा.

सहावी पायरी: गव्हाणीत नक्की काय आहे

आता मूळ मुद्दा. हे दुखणं आमच्या भागात हिवाळ्यातच का येतं? रब्बीची ज्वारी निघते फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत गेल्या वर्षीचा कडबा संपत आलेला असतो, आणि उरलेल्याचा भाव डोक्यावर. त्याच वेळी शेजारच्या फडात ऊसतोड चालू असते आणि टोळीवाले वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्याच्या) पेंढ्या स्वस्तात देतात. हिरवंगार, गोडसर, गाय आवडीने खाते. मग सकाळी वाढं, दुपारी वाढं, रात्री वाढं.

वाढ्यात दोन अडचणी आहेत. त्यातलं पाणी वगळून सुका भाग धरला तर प्रथिनं ५-६ टक्केच. कोठीपोटातल्या जिवाणूंना काम करायला कमीत कमी ७-८ टक्के लागतात. त्याखाली गेलं की ते उपाशी राहतात, वैरण पचत नाही, पोटात जास्त वेळ पडून राहते आणि गाय आणखी खायचं थांबवते. पोट भरलेलं आणि गाय उपाशी, ते असं. दुसरी अडचण ऑक्झलेटची. ते कॅल्शियमला बांधून शेणावाटे बाहेर नेतं. महिनोन् महिने फक्त वाढ्यावर असलेली गाय हाडातलं कॅल्शियम खर्चत असते.

वाढं बंद करा असं मी म्हणत नाही, आम्हीही घालतो. पण हिरव्यातला निम्म्याहून कमी हिस्सा, आणि कुट्टी करून. पूर्वीचे लोक वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडत ते उगीच नव्हे. शंभर लिटर पाण्यात एक किलो चुना रात्रभर ठेवून वरचं निवळलेलं पाणी घ्यायचं. हे गाभणपणाच्या मधल्या महिन्यांत ठीक आहे. शेवटच्या तीन आठवड्यांत नको, का ते पुढे येतंय.

चारशे किलोच्या आटलेल्या गाईला आमच्याकडे दिवसभरात साधारण असं पडतं: मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) १० किलो, वाढ्याची कुट्टी ८ किलो, कडबा किंवा सोयाबीनचं भुसकट २ किलो, गोळी पेंड २ किलो, शेंगदाणा पेंड अर्धा किलो. वर क्षार मिश्रण ५० ग्रॅम आणि मीठ ३० ग्रॅम. हाताच्या अंदाजावर जाऊ नका. एकदा ताणकाटा लावून पाटी मोजा. मी "दोन किलो" म्हणून घालत होते ती पेंड सव्वा किलो निघाली होती.

मुरघास नसेल तर लसूण घास (प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर असलेला हिरवा चारा) चार-पाच किलो घालून शेंगदाणा पेंड वाचवता येते. पेंडीला वास येत असेल, गाठी झाल्या असतील, तर ती गाभण जनावराला अजिबात नको. बुरशीचं विष गर्भालाही भोवतं. "थोडीच आहे, मिसळून संपवू" हा विचार महागात पडतो. सुधारणाही सावकाश करा: पेंड तीन-चार दिवसांना पाव-अर्धा किलो या गतीने वाढवा. एकदम पाटीभर भरडा घातला तर पोट आंबट होऊन गाय आडवी होईल.

वितण्याआधी तीन आठवड्यांपासून पेंड हळूहळू तीन-साडेतीन किलोवर न्या. व्यायल्यावर जे खायचंय त्याची पोटाला आधीच सवय लागते.

सातवी पायरी: कॅल्शियमची बाटली ठेवून द्या

माझी सगळ्यात महागडी चूक इथली आहे. गाय हडकली म्हणून नववा महिनाभर मी रोज कॅल्शियमचं औषध पाजलं, वर पाटीभर लसूण घास. व्यायल्याच्या दुसऱ्या रात्री गाय बसली. मान कुशीत वळवलेली, कान गार, नाक कोरडं. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, तासाभरात उठली, आणि मला म्हणाले, "तुम्हीच हिला आळशी केलंत."

तेव्हा राग आला होता. नंतर समजलं. चीक उतरतो तेव्हा रक्तातलं कॅल्शियम एकदम कासेकडे जातं. ती तूट गाईने हाडातून भरायची असते. त्याआधी तोंडावाटे भरपूर मिळत राहिलं तर हाडातून काढायची यंत्रणा झोपलेली राहते, आणि ऐन वेळी जागी व्हायला तिला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून शेवटचे तीन आठवडे कॅल्शियमचं औषध, चुन्याची निवळी आणि भरमसाट लसूण घास बंद. या दिवसांत क्षार मिश्रणही कोणतं आणि किती, ते डॉक्टरांना विचारूनच. व्यायल्याबरोबर मात्र कॅल्शियम लागतं, तेव्हा द्या.

हाडूक किंवा माती खाणाऱ्या गाईत बहुधा फॉस्फरस आणि मीठ कमी पडलेलं असतं. तिथेही कॅल्शियमच्या बाटलीने काही होत नाही.

आठवी पायरी: शेण तपासणी आणि गोचीड

खाणं नीट केलं, महिना झाला, तरी हात तेच सांगतोय? मग कुणीतरी वाटा घेतंय. सकाळचं ताजं शेण स्वच्छ डबीत घेऊन सरकारी दवाखान्यात द्या. ओढ्या-कॅनॉलकाठी चरणाऱ्या जनावरांत पावसाळ्यानंतर पर्णकृमी (पानासारखे चपटे जंत) यकृतात ठाण मांडतात. ते गोगलगाईंमार्फत येतात, म्हणून पाणथळ रानातच जास्त. दुकानातून आणलेलं कोणतंही जंताचं औषध गाभण गाईला पाजू नका. काही औषधं गाभणपणाच्या सुरुवातीला चालत नाहीत, आणि साध्या जंतांवरची बरीच औषधं पर्णकृमीवर लागू पडत नाहीत. आधी तपासणी, मग औषध.

गोचीड कानात, शेपटीखाली आणि कासेच्या मागे बघा. डोळ्याची पापणी उलटून आतला रंग पाहा. पांढुरका असेल तर रक्त कमी आहे, आणि हा प्रश्न आता वैरणीचा राहिलेला नाही.

इथे थांबा, डॉक्टरांना बोलवा

दाढा तपासणं, वैरणीतून पोटात गेलेल्या तार-खिळ्याचा संशय, ताप, रक्त हे घरचं काम नाही. विशेषतः गाय कोपरं बाहेर काढून उभी राहत असेल, उतारावर चालायला कचरत असेल, पोळीपाशी (गळ्या-छातीखालच्या लोंबत्या कातडीपाशी) सूज असेल, तर पोटातली तार वाढत्या गर्भाच्या दाबाने पुढे, हृदयाकडे सरकत असू शकते. मग एक दिवसही वाट बघायची नाही.

याशिवाय: शेवटच्या महिन्यात चोवीस तास खाणं बंद, बसलेली गाय उठत नाही, अंग (मायांग) बाहेर येतंय, सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभडली. गाभडलेलं वासरू आणि जार उघड्या हाताने उचलू नका. गाभडण्यामागे ब्रुसेलोसिस असू शकतो, आणि तो रोग माणसालाही होतो. शिरेतून कॅल्शियम स्वतः किंवा कुणा माहीतगाराकडून देऊ नका. ते भराभर गेलं तर हृदय थांबतं.

जवळचा दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करा. फोनवर सांगायला हे हाताशी ठेवा: भरवल्याची तारीख, कितवं वेत, शेवटचं कधी खाल्लं, शेण-लघवी कशी, आणि थर्मामीटर असेल तर ताप. गाईचं नेहमीचं तापमान १०१.५ फॅरनहाइटच्या आसपास असतं.

डॉक्टर येईपर्यंत आडव्या पडलेल्या गाईला छातीवर बसती करा, दोन्ही बाजूंना पाचटाने भरलेल्या गोण्यांचा आधार द्या आणि दर दोन-तीन तासांनी कूस बदला. तोंडात गूळपाणी, तेल, काढा काहीही ओतू नका. अशा पडलेल्या गाईला नीट गिळता येत नाही, ते फुफ्फुसात उतरतं.